सगळ्यांना सुट्टी देणारा शिफ्ट इन्चार्ज

मी समुपदेशक. माझ्याकडे वरचेवर येणारा एक प्रश्न असा : ‘बढती मिळाली, पण माणसं सांभाळता येत नाहीत. नेतृत्व रक्तातच असावं लागतं का?’ विचारणारी कधी नवी मुख्याध्यापिका असते, कधी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, कधी सोसायटीचा बिचारा सेक्रेटरी. अशा वेळी मी रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका शिफ्ट इन्चार्जची हकिगत सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२०२४च्या ऑक्टोबरात तो आला तो फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. छातीत जळजळ, रात्री दोन-अडीचला जाग, ईसीजी नॉर्मल. वय ३६. प्लॅस्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ११ वर्षं मोल्डिंग मशीनवर ऑपरेटर आणि मार्चपासून त्याच खात्यात शिफ्ट इन्चार्ज. खुर्चीच्या अगदी कडेवर बसून म्हणाला, “मॅडम, माझ्यात लीडरशिपच नाही. साहेबांना सांगून परत मशीनवर जाऊ का?”

मग गणपतीचा किस्सा निघाला. त्याच्या शिफ्टमधल्या १४ जणांपैकी ९ जण कोकणातले. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. तेव्हा रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, म्हणजे लोकांनी मे महिन्यातच तिकिटं काढून ठेवलेली. ऑगस्ट संपता संपता एकेक जण मोबाइल पुढे करू लागला, “भाऊ, तिकीट झालंय.” भाऊंनी प्रत्येकाला “बरं, जा” म्हटलं. नऊच्या नऊ गेले. डिस्पॅच अडकला, तेव्हा हा स्वतः सलग दोन शिफ्ट मशीनवर उभा राहिला. घरी दीड दिवसाचा गणपती. मुलीनं पाठवलेला विसर्जनाचा व्हिडिओ त्यानं कँटीनमध्ये पाहिला. मागे राहिलेले पाच जण धुसफुसत होते ते वेगळंच.

“पहिल्यानं तिकीट दाखवलं, तेव्हा डोक्यात काय आलं?” मी विचारलं.

“काही नाही. टेन्शन आलं.”

‘टेन्शन’ हा शब्द माझ्या खोलीत दिवसातून वीसेक वेळा तरी उच्चारला जातो आणि त्यातून काहीही कळत नाही. मी म्हटलं, “टेन्शन नंतर आलं. त्याच्या आधी मनात एखादं वाक्य येऊन गेलं असणार. ते शोधू या.” तो बराच वेळ गप्प होता. मग देवगडच्या एका काकांचं नाव निघालं. खात्यातले सगळ्यात जुने ऑपरेटर, त्यांनीच याला मशीन शिकवली होती. “काका म्हणतील, साहेब झाला आणि माणूस बदलला.”

“आणि म्हणाले तर?”

“तर मग मी हलकटच ठरलो ना!”

वाक्य सापडलं ते असं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला जी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडली, ती याच जागेवर बोट ठेवते. घटना माणसाला थेट अस्वस्थ करत नाही. घटना आणि अस्वस्थता यांच्या मध्ये एक समजूत बसलेली असते आणि ती बहुधा हट्टाची असते : असं व्हायलाच हवं, तसं होताच कामा नये. आपल्याकडे एलिस यांचे शिष्य कि. मो. फडके यांनी ही पद्धत रुजवली. मराठी माणसाला ती शिकवणं मला तरी सोपं वाटतं, कारण हा हट्ट आपल्या भाषेत एका अक्षरात पकडता येतो : ‘च’. मी त्याला शंभर पानी वही आणायला सांगितली. झोप उडाली की मनातली वाक्यं लिहायची आणि ‘च’भोवती लाल गोल करायचा.

पुढच्या खेपेला दोन पानं लाल गोलांनी भरली होती. ‘सगळ्यांना मी आवडलोच पाहिजे’ हे वाक्य तीनदा.

त्यानं आधी दुसरा उपायही करून पाहिला होता. प्रेरणादायी व्हिडिओ पाहून रोज सकाळी आरशासमोर ‘मी वाघ आहे’ म्हणायचं. मला या प्रकाराचा मनापासून कंटाळा आहे. वाघ दहा मिनिटं टिकतो, काका आठ तास समोर असतात. मी त्याला वेगळंच विचारलं, “काकांना तुमच्यावर रागवायची मुभा आहे की नाही?”

तो चक्रावला. “मुभा... आहे की.”

“मग ते रागावले तर नियम कुणाचा मोडला? काका त्यांच्या मुलावर रागावतात, तेव्हा तो मुलगा हलकट ठरतो का?”

तो हसला, पण पटलं नव्हतं. पटायला कृती लागते. मी त्याला एलिस यांचाच किस्सा सांगितला. १९ व्या वर्षी त्यांना मुलींशी बोलायची धास्ती होती. म्हणून ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी ठरवून बोलत राहिले. महिन्याभरात शंभरेक जणी बोलल्या, एकीनं भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. पण नकारानं आभाळ कोसळत नाही, एवढं त्यांच्या अंगात मुरलं. याला गृहपाठ दिला : रोज एका छोट्या गोष्टीला शांतपणे ‘नाही’ म्हणायचं आणि ‘सॉरी’ म्हणायचं नाही.

नोव्हेंबरअखेर तो छाती काढून आला. सगळ्यांना नकार देत सुटला होता. दहा मिनिटं उशिरा आलेल्या पोराला सगळ्यांसमोर झापलं, त्याचा ओव्हरटाइम बंद केला. “आता ऐकतात मॅडम!” कबूल करते, पहिली पाच मिनिटं मीही खूश होते. आपला अशील लवकर सुधारलाच पाहिजे, हा समुपदेशकाचा ‘च’. मग सहज विचारलं, झोप? झोप अजून दोनलाच उडत होती. वही उघडली तर नवं वाक्य : ‘मी सांगितलेलं ऐकलंच पाहिजे.’ गोल केलेला नव्हता.

अशी गाडी एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाणं नेहमीचं आहे, आणि वरिष्ठ मंडळी बरेचदा याच दुसऱ्या टोकाला नेतृत्व समजून शाबासकी देतात. लाचारी आणि दरडावणी यांचं मूळ एकच आहे हे त्याला उमगायला डिसेंबर आणि जानेवारी गेले. त्या पोराची माफी त्यानं मागितली, तीही सगळ्यांसमोर. हे मी सुचवलं नव्हतं.

‘च’ पातळ झाल्यावर डोक्यात जागा झाली, आणि त्या जागेत जे प्रश्न आले ते अगदी साधे होते. किती माणसं असली की किती मशीन चालतात? मागच्या तीन वर्षांत गणपतीला कोण गेलं, कोण राहिलं? हा हिशोब त्यानं आजवर केलाच नव्हता, कारण हिशोब केला असता तर कुणाला तरी नाही म्हणावं लागलं असतं. आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं. म्हणजे २७ ऑगस्ट २०२५च्या चतुर्थीसाठीची तिकिटं जूनच्या शेवटी निघणार. यादी त्याआधी लावली तर तिकिटाचा मोबाइल पुढे यायचा प्रश्नच नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात यादी लागली. मागच्या वर्षी राहिलेल्यांना पहिला मान. काकांना नेहमीच्या आठ दिवसांऐवजी तीन दिवस.

“तुला मशीन कुणी शिकवली रे?” काका सगळ्यांच्या देखत म्हणाले.

“तुम्हीच शिकवली काका. पण यंदा तीनच दिवस मिळतील.” हे सांगताना पाय लटपटत होते, असं तो म्हणाला.

सप्टेंबरात तो शेवटचा भेटून गेला. अकरापैकी आठ मशीन चालू राहिली, हा घरच्या आरतीला होता. रात्री दोनची जाग आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. काका गावाहून पंचखाद्य घेऊन आले आणि लाइनवर प्रत्येकाच्या हातावर ठेवत निघाले. याच्या टेबलापाशी आले आणि न थांबता पुढे गेले.

“मग?”

“मी उठून मागे गेलो आणि हात पुढे केला. म्हटलं, काका, प्रसाद.”

“दिला?”

“दिला. बोलले नाहीत काही.”