न्यू जर्सीत राहतो. समर परफॉर्मन्स टायर झिजलेत. पुन्हा तेच घालू की ऑल-सीझन?

ऑल-सीझन घाला. पण तुम्ही पुढे लिहिलंय, "बर्फ पडेल त्या दिवशी गाडी काढणारच नाही, मग समर चालतील ना?" हे वाचून राहवेना, कारण अगदी हेच माझ्या साडूने मला ऐकवलं होतं आणि मी मूर्खासारखं मानलं होतं.

मी जुनी घेतलेली गाडी समर टायरसकट आली. साडूला गाड्यांतलं फार कळतं, असं आमच्या सासरी सर्वमान्य आहे. "ऑल-सीझन म्हणजे धड ना हे, धड ना ते. अशा गाडीला ते घालणं म्हणजे पैठणीखाली रबरी सपाता." उन्हाळाभर पटलंही. जुलैच्या धो धो पावसात रूट १ वर ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी उभी.

मग थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस, पहाटे सहा. बर्फाचा कण नाही. रस्ता ओलसर, डॅशबोर्डवर ३४ अंश फॅरनहाइट. जगहँडलवर शिरलो (डावीकडे जायचं तर आधी उजवीकडे वळा, हे इथलंच खूळ), वेग ताशी जेमतेम २५ मैल. स्टिअरिंग वळवलं, चाकं वळली, गाडी मात्र सरळच निघाली. आवाजसुद्धा नाही. साबणाच्या वडीसारखी घसरत गेली आणि पुढचं उजवं चाक कर्बवर आदळलं. उतरून मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर टायरच्या बाजूला अर्ध्या लिंबाएवढा फुगा आणि रिमची कड आत दबलेली. बायको शेजारी होती. एक अक्षर बोलली नाही, तेच जास्त लागलं. संध्याकाळी फोनवर साडू: "तू जोरात असशील."

अरे, २५!

प्रश्न बर्फाचा नाहीच, थंडीचा आहे. समर टायरचं रबर साधारण ४५ अंशांखाली, म्हणजे ७ सेल्सिअसखाली, कडक होत जातं आणि रस्ता धरणं सोडतं. काही कंपन्या तर २० अंशांखाली गाडी हलवूच नका म्हणतात, रबराला तडे जाऊ शकतात. डिसेंबर ते फेब्रुवारी तुमच्याकडे सकाळी पारा ४५ च्या वर किती दिवस असतो, बघा. आणि "ऑल-व्हील ड्राइव्ह आहे ना!" हेही साडूचंच. त्याने गाडी निघते चांगली, थांबत नाही. थांबवायचं काम टायरचं.

वळणावरची मजा सोडवत नसेल तर अल्ट्रा हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन घ्या. मी तेच घातलेत. चारही एकदम बदला, दोन-दोन करू नका. टिकतातही समरपेक्षा जास्त. जुलैत समरइतके चिकटत नाहीत, हे कबूल, पण साडूसमोर नाही.

हो, एक राहिलंच. ऑल-सीझन म्हणजे विंटर टायर नव्हेत. पोकोनोजला (शेजारच्या पेनसिल्व्हेनियातले डोंगर) स्कीइंगला जात असाल तर टायरवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह, म्हणजे बर्फात चालणाऱ्या टायरची खूण, आहे का बघून घ्या. गॅरेजमध्ये जागा आणि खिशात पैसे असतील तर सगळ्यात उत्तम म्हणजे वेगळ्या रिमवर विंटरचा संच, आणि एप्रिलपासून पुन्हा समर. हा सल्ला आपणच आधी दिला होता, असं साडू हल्ली सगळ्यांना सांगतो. नव्हता दिला.