चुंबक चिकटला नाही म्हणून फिटिंग मरीन ग्रेडचं ठरत नाही

मालवणला पर्यटकांसाठी तुम्ही जुनी फायबर बोट घेतलीत. नव्या फिटिंगला चुंबक चिकटत नाही, म्हणून दुकानदार सगळा माल मरीन ग्रेड, म्हणजे समुद्राच्या पाण्यात टिकणारा, म्हणतो. त्याच्यावर विसंबावं का, असं विचारलंय. विसंबू नका. 304 आणि 316 या स्टेनलेस स्टीलच्या दोन्ही प्रकारांना चुंबक जवळजवळ चिकटत नाही, आणि स्वस्तातल्या 202 लाही नाही. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, खाऱ्या पाण्यात तोच तारतो. 304 वर आपल्या किनाऱ्याच्या वाऱ्यानेच चहाच्या रंगाचे डाग पडतात.

बोल्टच्या डोक्यावरची अक्षरं वाचा. A2 म्हणजे 304 च्या तोडीचा, A4 म्हणजे 316 च्या. पुढचा 70 किंवा 80 हा आकडा ताकदीचा. काहीच कोरलेलं नसेल तर मी तो बोल्ट बोटीला लावत नाही. शॅकलवर, म्हणजे दोर-साखळी जोडायच्या कडीवर, किती भार चालतो ते कोरलेलं हवं. महागाच्या वस्तूंबद्दल शंका असेल तर एखादा नग मेटल टेस्टिंग लॅबमध्ये द्या, तिथे मशीन लावून धातूत काय काय आहे ते सांगतात.

पण मला खरी काळजी आहे ती पाण्याखालच्या वॉल्व्हची, म्हणजे बोटीच्या बुडातल्या भोकांवर बसवलेल्या वॉल्व्हची. दीड इंची भोक पाण्याच्या पातळीखाली अर्धा मीटर असलं, तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. तुमच्या बोटीत माणसं बसणार आहेत. नळाच्या दुकानातला पितळी वॉल्व्ह तिथे नकोच. खारं पाणी त्यातलं जस्त खाऊन टाकतं, आकार तसाच राहतो आणि आत ठिसूळ तांबं उरतं. बोट वर काढलेली असेल तेव्हा सुरीने जरा खरवडून बघा. पिवळं धमक दिसलं तर ठीक, गुलाबी-तांबूस दिसलं तर लगेच बदला. हातोडीने हलकं ठोकलं तर चांगला धातू खणखणतो, खाल्लेला बद्द वाजतो. त्या जागी गनमेटल किंवा ब्राँझचाच घ्या, पैसे जास्त गेले तरी.

स्टेनलेसही पाण्याखाली निर्धास्त नाही. वॉशरखाली, सीलंटच्या आत, जिथे पाणी साचून हवा पोचत नाही तिथे ते आतल्या आत कुरतडलं जातं. बाहेरून लखलखीत, आतून मान बारीक झालेली. म्हणून जुन्या बोटीचे दोन-चार बोल्ट बाहेर काढून बघाच, सगळ्यात घाणेरड्या जागेचे आधी.

शाफ्ट आणि पंख्याजवळ झिंकचा (जस्ताचा) तुकडा लावलेला असतो, तो बाकीच्या धातूंऐवजी स्वतः झिजतो. ते झिंक निम्मं झिजलं की बदला, आणि कितीही छान दिसलं तरी त्याला रंग लावू नका. रंग लावला की त्याचं काम थांबतं.

प्रत्येक वॉल्व्हशेजारी त्याच्या भोकात घट्ट बसेल असं निमुळतं लाकडी बूच दोरीने बांधून ठेवा. वॉल्व्ह तुटला तर ते ठोकून पाणी थोपवता येतं.