माझी पहिली कादंबरी छापून येतेय. तिचा ट्रेलर घरच्या घरी मोबाइलवर करता येईल का? आणि त्याने पुस्तक खपतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचं जरा खाली देते.

तुम्ही लिहिलंय की प्रकाशकांनी 'प्रसिद्धीचं तेवढं तुम्हीच बघा' असं सांगितलं आणि ओळखीच्या व्हिडिओवाल्याने सांगितलेला आकडा तुमच्या मानधनापेक्षा जास्त निघाला. मराठी कादंबरीच्या मानधनापेक्षा जास्त व्हायला आकडा फार मोठा असावा लागत नाही, तेव्हा त्या बिचाऱ्याला दोष देऊ नका.

मी पुण्याची. माझ्या कादंबरीचा ट्रेलर मी स्वयंपाकघरात केला. कादंबरी आहे शनिवार पेठेतल्या एका छोट्या छापखान्याची, काळ १९६१चा. त्या वर्षी १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासला फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं, हे पुणेकराला नव्याने सांगायला नको. माझा कंपोझिटर त्या सकाळी एका लग्नपत्रिकेचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवत बसलेला असतो. आता हा पूर मोबाइलवर दाखवायचा कसा?

दाखवायचाच नाही. मला या विषयात जे काही सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळी तांत्रिक खटपट. कादंबरीतली घटना दाखवू नका आणि माणसं तर अजिबात दाखवू नका. माझ्या एका स्नेह्यांचा फार आग्रह होता की भाच्याला धोतर-टोपी घालून उभा करू, मुलगा गोरागोमटा आहे, कॅमेऱ्यात छान दिसतो. दिसतो हो. पण वाचकाने एकदा तो चेहरा पाहिला की शेवटच्या पानापर्यंत त्याला भाचाच दिसणार, मनगटावरच्या स्मार्टवॉचच्या पट्ट्याच्या खुणेसकट. कादंबरीत नायकाचा चेहरा वाचक स्वतः घडवतो. तो त्याचा हक्क आहे आणि अर्धी गंमतही त्यातच आहे. सिनेमाच्या ट्रेलरमध्ये चेहराच विकायचा असतो, म्हणून तिथलं व्याकरण इथे चालत नाही. आपण वस्तू दाखवायच्या आणि आवाज ऐकवायचा.

मग मी काय केलं ते सांगते. जुन्या बाजारातून शिशाचे थोडे खिळे आणले. बुधवारी किंवा रविवारी गेलात आणि घासाघीस करायची तयारी असेल, तर अजून मिळतात. पितळी परातीत ते ओळीने उभे केले, पत्रिकेच्या मथळ्यासारखे, त्यात 'चि. सौ. कां.' सुद्धा. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे पाहणाऱ्याला काहीच वाचता येईना. म्हणून एडिटिंगमध्ये अख्खं दृश्य आरशासारखं फिरवलं आणि अक्षरं सुलटी झाली. परातीच्या कडेला फोन, फोनखाली दिवाळी अंकांची चळत. कुंडीतली माती पाण्यात कालवून गाळून घेतली आणि ते गढूळ पाणी तांब्याने, कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूने, अगदी बारीक धारेने सोडलं. पाणी खिळ्यांच्या पायाशी आलं, फटींमधून वर चढलं. आधी वराचं नाव गेलं, मग तारीख. 'चि. सौ. कां.' मी मुद्दाम थोडे उंच ठेवले होते, खाली पुठ्ठा घालून, म्हणजे ते सगळ्यात शेवटी बुडतील. चित्रीकरण एवढंच. यात धरण नाही, माणूस नाही, पळापळ नाही.

हे स्लो मोशनमध्ये घ्यायचं तर खिडकीशी, दिवसाच्या उजेडात घ्या. ट्यूबलाइटखाली नको. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, स्लो मोशनच्या कॅमेऱ्याला कळतं आणि चित्र लपलपतं. स्वस्तातले काही एलईडीही हाच त्रास देतात. रात्रीच घ्यायचं असेल तर नेहमीच्या वेगाने घ्या आणि फोनच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा.

बाहेरच्या दृश्यांबद्दल थोडक्यात. ड्रोनने पुणं दाखवायच्या फंदात पडू नका. लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), मध्ये खडकीचा लष्करी भाग. कुठे उडवलं तर चालेल याचा नकाशा पाहतानाच हौस फिटते. शनिवारवाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे ट्रायपॉड उघडलात की परवानगी विचारतात. आणि खरं सांगू का, पुण्यावरच्या प्रत्येक व्हिडिओत शनिवारवाड्याचा दरवाजा असतोच. तुमच्यात नसला तर तेवढाच वेगळेपणा.

पैसे खर्च करायचेच असतील तर आवाजावर करा. साधा कॉलर माइकही फोनच्या माइकपेक्षा बरा. चित्र थोडं धूसर असलं तर लोक चालवून घेतात, आवाज घुमला की पुढे सरकवतात. माझ्या ट्रेलरला आवाज आहे पूर पाहिलेल्या एका ओळखीच्या आजींचा. त्यांना मी कादंबरीतली दोन वाक्यं वाचायला दिली. रेकॉर्डिंग त्यांच्याच घरी, साड्यांचं कपाट सताड उघडून त्याच्या तोंडाशी स्टुलावर बसवून केलं, कारण घडीच्या सुती साड्या आवाज पिऊन टाकतात आणि खोली घुमत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद. (फ्रिज नंतर आठवणीने चालू करा, घर दुसऱ्याचं आहे.) शेजारचा कुकर तीन शिट्ट्या होईपर्यंत थांबलो. आजींना नाट्यपूर्ण वाचायचं होतं. मी म्हटलं, 'आजी, दूधवाल्याचा हिशेब सांगता तसं सांगा.' त्यांनी तसं सांगितलं आणि अंगावर काटा आला.

संगीताचं मात्र सांभाळा. तुकारामांचा अभंग कोणीही गाऊ शकतो, पण कोणी तरी गायलेलं त्याचं रेकॉर्डिंग ही वेगळी मालमत्ता आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं टिकतो. ६० वर्षं उलटली तरी यूट्यूबची यंत्रणा ते रेकॉर्डिंग ओळखून दावा ठोकू शकते, मग निस्तरत बसा. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे. कुठल्या तुकड्याला श्रेय द्यावं लागतं ते तिथेच लिहिलेलं असतं. मी संगीत घातलंच नाही. पाण्याचा आवाज आणि खिळा पडल्याचा एक टक्. फेसबुकवर फिरणारे पुराचे जुने फोटोही उचलू नका. फोटो जुना आहे म्हणून तो कोणाचाच नाही असं होत नाही.

आता मराठी लेखकाला हमखास छळणारा भाग: अक्षरं. तुमची कादंबरी बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लागलेली असेल, युनिकोडमध्ये (म्हणजे फोन आणि संगणक सगळीकडे सारखंच ओळखतात त्या अक्षरपद्धतीत) नसेल. पुस्तकाची पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्याच्या फाइलमधून वाक्य उचलून व्हिडिओच्या ॲपमध्ये चिकटवलंत की तिथे अगम्य चिन्हांचा सडा पडेल. ते वाक्य युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. तरीही काही ॲप वेलांटी भलत्या अक्षराला जोडतात, जोडाक्षराची फाळणी करतात. यावर सरळ उपाय म्हणजे मजकूर वेगळा एका चित्रात करून घ्यायचा, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, आणि ती व्हिडिओवर ठेवायची. फॉन्ट 'मुक्ता' किंवा 'तिरो देवनागरी मराठी' घ्या. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत, आणि 'तिरो'मध्ये ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, हिंदीच्या नाहीत. छापील कादंबरीत एकेका ऱ्हस्व-दीर्घासाठी भांडणारे लेखक ट्रेलरमध्ये 'कादबंरी' कसं काय चालवून घेतात हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

एडिटिंगला फोनवर इनशॉट किंवा काइनमास्टर पुरतं. संगणक बरा असेल तर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आपल्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. लांबी ४०-४५ सेकंद, एक मिनिट म्हणजे डोक्यावरून पाणी. उभा व्हिडिओ करा, कारण तुमचा वाचक तो व्हॉट्सॲपवर बघणार: सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, भिशीचा ग्रुप. बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात, म्हणून निवेदनातलं प्रत्येक वाक्य पडद्यावरही हवं, चष्मा न लावता दिसेल एवढं मोठं. शेवटी क्यूआर कोड टाकण्यात अर्थ नाही. ज्या फोनवर व्हिडिओ चाललाय त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? क्यूआर पत्रकावर छापा. व्हिडिओखाली खरेदीची लिंक द्या.

आणि लिंकच्या वर दोन ओळी स्वतः लिहून द्या. नाही तर पुढे पाठवणारा 'छान आहे, बघा' एवढंच लिहील. मी लिहिलं होतं, 'पुरात तुमच्या घरातलं काय वाहून गेलं?' लोक कादंबरीबद्दल अवाक्षरही न बोलता शिवणयंत्र, पेटी, लग्नातला शालू, घराची कागदपत्रं असं लिहीत सुटले, आणि प्रत्येकाने तो व्हिडिओ आपल्या भावंडांना धाडला.

खपाचं म्हणाल तर ट्रेलरने पुस्तक थेट खपत नाही. रील बघणारा माणूस उठून पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात जात नाही. ट्रेलर उपयोगी पडतो तो ज्याने पुस्तक वाचलंय आणि ज्याला ते आवडलंय त्याला. 'वाच रे' असं नुसतं सांगण्यापेक्षा त्याच्या हातात पाठवण्याजोगं काहीतरी असतं. ग्रंथपालांना, दुकानदारांना, कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळांना पाठवायलाही बरं पडतं. प्रकाशन समारंभात पाहुणे यायला उशीर झाला तर सभागृहात दोनदा लावता येतं. माझ्या वेळी चारदा लावावं लागलं.

म्हणूनच पुस्तक दुकानात पोचायच्या आधी ट्रेलर सोडू नका. 'लवकरच येत आहे' म्हटलं की लोक 'वा, अभिनंदन' म्हणतात आणि पुस्तक येईतो विसरतात. प्रती हातात आल्या, ऑनलाइन दुकानाचं पान उघडतंय अशी खात्री झाली, की त्या संध्याकाळी पाठवा.

मुखपृष्ठ व्हिडिओत वापरणार असाल, त्यातलं चित्र हलतं करणार असाल, तर आधी प्रकाशकांना आणि चित्रकाराला विचारा. माझे चित्रकार लगेच हो म्हणाले. अट एकच होती: शेवटच्या पाटीवर त्यांचं नाव माझ्या नावाएवढ्याच अक्षरात हवं. तेवढी पाटी नव्याने करून घेतली.