बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. संस्थांकडून कुटुंबाला कोणती मदत मिळू शकते?

फक्त ऑपरेशनच्या बिलाचा विचार करू नका. प्रवास, हॉस्पिटलजवळ राहणं, बुडालेला पगार यानेही घर खचतं, आणि यासाठीही मदत मिळू शकते. साधारण 100 बाळांमागे एकाला जन्मतः हृदयदोष असतो, त्यामुळे तुम्ही एकटे नाही.

आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट, खर्चाचं लेखी अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला सोबत न्या. बऱ्याच संस्था पैसे थेट हॉस्पिटलला देतात, म्हणून अर्ज ऑपरेशनआधीच करा. आजारी मुलांच्या कुटुंबांना हॉस्पिटलजवळ राहण्यासाठी काही ठिकाणी रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊससारखी घरं असतात. असं पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊस 1974 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियात सुरू झालं.

आणि अशाच मुलांच्या पालकांचा गट असेल तर नंबर मागून घ्याच. ऑपरेशननंतर छातीतली नळी कधी निघते, दूध कधी सुरू होतं, हे ते फार धीराने समजावतात.