पहिल्या दिवाळीचा खर्च कसा बसवायचा

अगं, पहिल्या दिवाळीचा खर्च कसा बसवायचा म्हणून टेन्शन घेऊ नकोस, दसरा ते भाऊबीज हे तीन आठवडे सगळ्यांच्याच खिशाला जड जातात. रवा, बेसन, साखर, तेल हे घटस्थापनेच्या आधीच भरून ठेव, ऐन दिवाळीत दुकानात गर्दी पण आणि भाव पण. तोरण रेडीमेड नको, सुटा झेंडू आणि आंब्याची पानं आणून घरीच ओव.

फराळाचं म्हणशील तर सगळे पदार्थ तूच करायचे हा हट्ट सोड, जावेशी किंवा शेजारणीशी ठरवून घे, तू चिवडा आणि शंकरपाळे कर, ती चकली करेल आणि डबे अदलाबदली. चिवड्याला पातळ पोहे 2-3 तास कडक उन्हात ठेव, ऑक्टोबरचं ऊन फुकटच मिळतं ना, मग मंद आचेवर कोरडेच भाज, बोटात धरून चुरला की झाला, फोडणीला तेल अगदी थोडं लागतं.

कोजागिरीला मसाल्याचं पाकीट आणू नकोस, बदामाची भरड, वेलची, जायफळ, बस्स.

मुलांसाठी किल्ला नक्की करा बरं का! विटा, जुनं पोतं, माती, वर 4-5 दिवस आधी अळीव पेरायचे म्हणजे हिरवागार होतो. कंदील पण काड्या आणि पतंगाचा कागद आणून घरीच.

कामवाल्या मावशींच्या बोनसमध्ये मात्र काटकसर करू नकोस, ते पैसे आधीच पाकिटात वेगळे काढून ठेव.