पुनर्जीवन, पुनरुज्जीवन की उद्यापन?

ब्रिटिश विनोदी चित्रपटांविषयीच्या एका मराठी लेखातले वाक्य उतरवून एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. वाक्य असे आहे : ‘१९९२ साली “कॅरी ऑन कोलंबस” या चित्रपटाने या जुन्या मालिकेचे अपयशी पुनर्जीवन केले.’ येथे ‘पुनर्जीवन’ बरोबर की ‘पुनरुज्जीवन’, हा पहिला प्रश्न. ‘कॅरी ऑन’ला मराठीत काय म्हणावे, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर एका ओळीत देता येते : ‘पुनरुज्जीवन’ लिहावे. मात्र वाक्यातला खरा दोष या शब्दात नसून त्याच्या आधीच्या विशेषणात आहे. ‘अपयशी पुनर्जीवन’, ‘फसलेले पुनरुज्जीवन’ अशी जोडणी हल्ली नाट्यगृहांपासून साखर कारखान्यांपर्यंत सगळीकडे वाचावी लागते आणि दर वेळी तितकीच खटकते. जीव परत आला तर पुनरुज्जीवन झाले आणि नाही आला तर ते झालेच नाही. फसतो तो पुनरुज्जीवनाचा प्रयत्न, आणि ‘प्रयत्न’ हा शब्द गाळून वाक्य आटोपशीर होत नाही, चुकीचे होते.

लेखनातल्या चुका भराभर सांगतो. ‘पुनरुजीवन’, ‘पुनर्रुज्जीवन’ आणि ‘पुनरुज्जीवीत’ ही तिन्ही रूपे अशुद्ध आहेत. ‘पुनर्’मधला र् पुढच्या उकारात मिसळून ‘रु’ होतो, म्हणून वर रफार नको. ‘जीवित’मधला ‘वि’ ऱ्हस्व आहे. आणि ‘उद्’ या उपसर्गातला द् पुढच्या ज-मध्ये विरून त्याचे द्वित्व होते, म्हणून ज्ज हवा. हाच ‘उद्’ च-पुढे ‘उच्चार’ होतो, ल-पुढे ‘उल्लेख’ होतो, न-पुढे ‘उन्नती’ होतो. ‘उज्ज्वल’मधला एक ज गिळून ‘उज्वल’ लिहिणारे आणि ‘पुनरुजीवन’ लिहिणारे एकाच कारणाने चुकतात, ते म्हणजे हा उपसर्ग त्यांच्या कानाला ऐकू येत नाही.

‘पुनर्जीवन’ हे रूप व्याकरणाने अशक्य नाही, परंतु त्यात हा ‘उद्’ नाही आणि सारा जोर ‘उद्’मध्येच आहे. पडलेले उठवायचे, खाली गेलेले वर आणायचे, ही क्रिया तो दाखवतो. संस्कृतात नुसत्या ‘उज्जीवन’चाही अर्थ ‘पुन्हा जिवंत होणे’ असा आहे, आणि त्यावरून ‘पुनरुज्जीवन’ ही द्विरुक्ती आहे, ‘पुनर्’ काढून टाका, असे सांगणारे शुद्धतावादी मला अधूनमधून भेटतात. त्यांचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. मराठीने ‘उज्जीवन’ हा शब्द एकटा रोजच्या वापरात घेतलेला नाही. तिने संपूर्ण ‘पुनरुज्जीवन’ उचलला आणि पिढ्यानपिढ्या वापरला. संस्कृत कोशाच्या आधारे मराठीच्या रुळलेल्या शब्दाचा हातपाय तोडणे ही शब्दसेवा नव्हे.

आता ज्या शब्दासाठी हे उत्तर लिहायला घेतले, त्याकडे येतो. याच ‘उद्’ने मराठीला आणखी एक शब्द दिला आहे : उद्यापन. ‘या’ म्हणजे जाणे, ‘यापन’ म्हणजे जायला लावणे, घालवणे. ‘कालयापन’मध्ये तोच आहे. त्याला ‘उद्’ लागला की अर्थ होतो वर नेऊन पुरे करणे, घेतलेले व्रत त्याच्या शेवटापर्यंत पोचवणे. सोळा सोमवार झाल्यावर सतराव्या सोमवारी उद्यापन होते आणि चुरम्याचा प्रसाद वाटला जातो. त्या दिवशी व्रत संपते, पण ते मोडले असे कोणी म्हणत नाही. म्हणजे एकच उपसर्ग एका शब्दात मेलेल्याला उठवतो आणि दुसऱ्या शब्दात चाललेल्याला सन्मानाने थांबवतो.

एवढ्यावरच हे थांबत नाही. प्राकृतात द्य-चा ज्ज होतो, जसे ‘अद्य’चे ‘अज्ज’ आणि मग आपले ‘आज’, किंवा ‘विद्युत्’चे ‘विज्जु’ आणि मग ‘वीज’. दोन स्वरांमधल्या प-चा व होतो, जसे ‘दीप’चा ‘दिवा’ आणि ‘ताप’चा ‘ताव’. हे दोन्ही नियम ‘उद्यापन’ला लावून पाहावेत : उद्यापन, उज्जावण आणि शेवटी आपले घरचे ‘उजवणे’. लग्नानंतर पाच वर्षे पुजलेली मंगळागौर बायका ‘उजवतात’ आणि त्या दिवशी लेक आईला वाण देते. ज्यांच्या घरात ‘उद्यापन’ हा शब्द फक्त पोथीत होता, त्यांच्याही तोंडी ‘उजवणे’ होतेच. शेजारच्या गुजरातीने हेच क्रियापद ‘उजववुं’ असे घेतले आणि त्याचा अर्थ ‘साजरे करणे’ इतका विस्तारला की तिकडे दिवाळीही उजवतात.

‘कूस उजवणे’ हा वाक्प्रचारही मी याच मुळाशी जोडतो. येथे काही अभ्यासक ‘उजवा’ या शब्दाकडे धावतात : उजवी बाजू शुभ, म्हणून कूस उजवली म्हणजे शुभ झाली. ‘उजवा’ हा ‘ऋजु’पासून, ‘उजू’ म्हणजे सरळ या शब्दाच्या कुळातला आहे, हे मला मान्य आहे. परंतु विशेषणावरून क्रियापद झाले असते तर हात उजवला, वाट उजवली असे प्रयोगही कुठेतरी सापडायला हवे होते. उजवतात ती व्रते, उजवते ती मंगळागौर, उजवतात लेकी म्हणजे त्यांची लग्ने करून देतात, आणि उजवते ती कूस. या सर्व ठिकाणी मनात धरलेली एक गोष्ट तडीस जाते. चारही प्रयोगांत एकच अर्थ सरळ लागत असताना एकासाठी वेगळे मूळ शोधणे मला पटत नाही, आणि कोशात तसे छापलेले असले तरी माझे मत बदलत नाही.

मूळ वाक्य ज्या चित्रपटाविषयी आहे, त्याला यातला कोणता शब्द लागू पडतो, हे ठरवायचे तर त्याची हकीकत थोडी माहीत हवी. ‘कॅरी ऑन’ मालिकेचा पहिला चित्रपट ‘कॅरी ऑन सार्जंट’ १९५८ साली आला. निर्माते पीटर रॉजर्स आणि दिग्दर्शक जेराल्ड थॉमस या जोडीने लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत पुढची वीस वर्षे कधी इस्पितळ, कधी शाळा, कधी रोमन साम्राज्य, तर कधी ब्रिटिश हिंदुस्थानची सरहद्द अशा पार्श्वभूमीवर हे विनोदपट काढले. सरहद्दीचा ‘कॅरी ऑन अप द खायबर’ तर वेल्सच्या डोंगरांत चित्रित झाला. मोठा खर्च नाही, ठरलेली नटमंडळी, द्व्यर्थी संवाद आणि चावट पण घरगुती थट्टा, हा त्यांचा बाज होता. १९७८च्या ‘कॅरी ऑन इमॅन्युएल’नंतर मालिका थांबली.

चौदा वर्षांनी, कोलंबसच्या सफरीला पाचशे वर्षे झाल्याचे निमित्त साधून, ती पुन्हा उभी करायचे ठरले. त्याच वर्षी कोलंबसवर दोन मोठे गंभीर चित्रपट येत होते आणि गाजणाऱ्या भव्य विषयाची खिल्ली उडवणे हे या मालिकेचे जुने काम होते. १९६४च्या ‘कॅरी ऑन क्लिओ’ने ‘क्लिओपात्रा’साठी पाइनवुडमध्ये उभारलेल्या आणि मागे राहिलेल्या नेपथ्यावरच आपले रोम वसवले होते. नव्या चित्रपटात जिम डेल १९६९नंतर प्रथमच मालिकेत परतला आणि कोलंबस झाला. त्याच्याबद्दल बोलायचे तर ‘पुनरागमन’ हा शब्द अगदी नेमका आहे, कारण गणपतीच्या उत्तरपूजेत ‘पुनरागमनाय च’ म्हणताना आपण जो गेला त्यानेच परत यावे असे मागतो. बर्नार्ड क्रिबिन्स, लेस्ली फिलिप्स, जून व्हिटफील्ड, जॅक डग्लस यांचेही पुनरागमनच झाले.

परंतु मालिकेचा प्राण ज्यांच्यात होता ते उरले नव्हते. सिड जेम्स १९७६ साली सन्डरलंडच्या रंगमंचावर प्रयोग चालू असतानाच कोसळला आणि गेला. पीटर बटरवर्थ १९७९मध्ये आणि हॅटी जॅक्स १९८०मध्ये गेली. चावट संवादांची ती खास घडण ज्याच्या हातची होती तो लेखक टॅलबट रॉथवेल १९८१मध्ये गेला. मालिकेत सर्वाधिक वेळा दिसलेला केनेथ विल्यम्स आणि चार्ल्स हॉट्री दोघेही १९८८मध्ये गेले. जोन सिम्स आणि बार्बरा विंडसर यांनी नकार दिला. फ्रँकी हॉवर्ड स्पेनचा राजा होणार होता, पण चित्रीकरण सुरू होण्याच्या तोंडावर, एप्रिल १९९२मध्ये, तो वारला आणि मुकुट लेस्ली फिलिप्सच्या डोक्यावर गेला.

रिकाम्या जागा भरायला रिक मेयॉल, अलेक्सी सेल, ज्युलियन क्लॅरी, पीटर रिचर्डसन असे नव्या पिढीचे विनोदवीर आणले गेले. ते आपापल्या परीने कसलेले होते, पण त्यांच्यातले बरेच जण ज्या विनोदपरंपरेतून आले होते ती जुन्या पठडीच्या चावटपणाला विरोध करूनच उभी राहिली होती. केनेथ विल्यम्स नाकपुड्या फुगवून, स्वर लांबवून अगदी निरुपद्रवी वाक्याला लाज आणत असे आणि सिड जेम्सचे घोगरे हसू पुढचे काम करत असे; ही देवाणघेवाण वर्षानुवर्षे एकत्र काम केल्याने आलेली होती. कोलंबसच्या जहाजावर एका चित्रपटापुरते जमलेल्या मंडळींकडून ती कशी यावी? समीक्षकांनी चित्रपट झोडपला. यात ‘उद्’ कोठेच नाही : देह उचलून बसवला, श्वास आला नाही. म्हणून ‘पुनरुज्जीवनाचा प्रयत्न फसला’ एवढेच म्हणता येईल.

मला मात्र या चित्रपटाला ‘उद्यापन’ हा शब्द अधिक शोभतो असे वाटते, आणि हे मी पूर्ण विचारांती म्हणतो. व्रत ज्याने घेतले त्यानेच ते उजवायचे असते. १९५८चा पहिला चित्रपट जेराल्ड थॉमसने दिग्दर्शित केला, मधले सगळे त्यानेच केले आणि १९९२चा हा एकतिसावाही त्याच पाइनवुडमध्ये त्यानेच केला. पीटर रॉजर्सही कार्यकारी निर्माता म्हणून सोबत होता. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर १९९३मध्ये, थॉमस वारला. त्यानंतर ‘कॅरी ऑन लंडन’ची घोषणा वारंवार झाली, पण तो चित्रपट कधी निघाला नाही. चित्रपट काढताना शेवट करायचा असा कोणाचाही संकल्प नव्हता आणि संकल्पाशिवाय उद्यापन कसले, असा आक्षेप येईल. त्याला माझे उत्तर असे की १९७८ साली मालिका कोणताही विधी न होता नुसती सुटली होती, वसा टाकल्यासारखी, आणि जुन्या खुणा, जुना दिग्दर्शक व परतलेले नट यांसह तिची एक अखेरची पूजा झाली ती १९९२मध्येच. पूजा नीरस झाली म्हणून ती उद्यापनाची नव्हती असे होत नाही.

दुसरा प्रश्न राहिला. ‘कॅरी ऑन, सार्जंट’ हा सैन्यातल्या अधिकाऱ्याचा हुकूम आहे : मी चाललो, पुढची कवायत तू चालू ठेव. त्याच इंग्रजी शब्दांना चोरटे प्रेमप्रकरण आणि आरडाओरडा असेही अर्थ आहेत आणि मालिकेने पुढे त्यांचा भरपूर उपयोग केला. मराठीत ‘पुढे चला’ किंवा ‘सुरू ठेवा’ लिहिले की हुकूम तेवढा उरतो आणि चावटपणा जातो. ‘चालू’ वापरावा, काम चालू असते आणि माणूसही चालू असतो. ‘चालू’चा हा दुसरा अर्थ फारसीतल्या ‘चालाक’वरून आला असे सांगितले जाते, ते मला पटत नाही. चालणे या क्रियापदाला ऊ लागून तो झाला आहे, जसे उडवणे या क्रियापदावरून ‘उडाऊ’ आणि लागणे या क्रियापदावरून ‘लागू’, आणि जे सगळीकडे चालते ते नाणे, तो माल व तो माणूस हळूहळू हलका ठरत गेला. तेव्हा भाषांतर करायचेच असेल तर ‘चालू दे, कोलंबस’ असे करावे. नाहीतर मूळ नाव देवनागरीत तसेच ठेवावे, ‘कॅरी’ आणि ‘ऑन’ ही दोन पदे सुटी लिहून.