मंडळाच्या हॉलात फिक्स खुर्च्या बसवाव्यात का?

प्रश्न: ताई, नमस्कार. आमच्या मंडळाचा जुना हॉल पाडून नवीन बांधतोय. कमिटीतल्या बऱ्याच जणांना पक्कं स्टेज आणि फिक्स खुर्च्या हव्यात. भाची आर्किटेक्चर शिकते, ती म्हणते की जागेत काय घडतं त्याशिवाय वास्तूला अर्थच नसतो, हॉल मोकळा ठेवा. हे नुसतं पुस्तकी आहे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: काका, भाची बरोबर बोलतेय, आणि इंदुरात तर हे रोज रात्री डोळ्यांनी दिसतं. सराफ्यात दिवसभर सोन्याचांदीचे व्यवहार, रात्री शटर पडली की त्याच ओटल्यांवर कढया चढतात, भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, मध्यरात्र उलटली तरी पाय ठेवायला जागा नसते. गल्ली तीच, भिंती त्याच, काम पार वेगळं. पण हे नुसतं खवय्यांच्या हौसेने झालं असं नाही हां, दुकानापुढे ओटला आहे, गल्ली पायी फिरण्याइतकीच आहे आणि दागिन्यांची दुकानं रात्री बंद असतात म्हणून जमतं, काचेच्या मॉलमध्ये नसतं जमलं.

1896 मध्ये शिकागोचे आर्किटेक्ट लुई सलिव्हन यांनी लिहिलं की इमारतीचा आकार तिच्या कामावरून ठरतो. ते लिहिलं होतं उंच ऑफिस बिल्डिंगांबद्दल, नंतर लोकांनी सगळ्यालाच लावलं. पुढे बर्नार्ड चुमी हे आर्किटेक्ट म्हणाले की जागा, तिथली माणसांची हालचाल आणि तिथे घडणाऱ्या गोष्टी एकत्रच बघायला हव्यात, आणि त्यांचं एकमेकांशी जुळेलच असंही नाही, कधी न जुळण्यातूनच नवीन काही निघतं. पॅरिसमध्ये जुन्या कत्तलखान्याच्या 55 हेक्टर जागेवर त्यांनी ‘ला व्हिलेत’ नावाचं पार्क केलं, दर 120 मीटरवर एक लालभडक छोटी इमारत, आणि त्यातल्या बऱ्याच एकाच कामाला कायमच्या बांधलेल्या नाहीत. मला ती आखणी जरा कोरडीच वाटते.

त्यापेक्षा कमी कमाईच्या कुटुंबांसाठी बांधलेली आपली अरण्य वसाहत बघा ना, इथेच इंदुरात! आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं काम, 1995 चा आगाखान पुरस्कार मिळालेलं. बऱ्याच प्लॉटवर फक्त जोतं आणि संडास-न्हाणी करून दिली, खोल्या घरच्यांनी पैसा येईल तशा चढवायच्या, मग कुणी पुढे दुकान काढलं, कुणी खोली भाड्याने दिली. पुढे काय होईल हे ठरवून न टाकता त्याला जागा ठेवणं म्हणजे काय ते तिथे कळतं.

आता तुमचा हॉल. खुर्च्या फिक्स केल्या की नाटक सोडून काहीच नाही, पंगत नाही, हळदीकुंकू नाही, रक्तदान शिबिर नाही, गणपतीत तर पंचाईतच. पण नुसता मोकळा डबाही बांधू नका, आवाज घुमून कुणाचं बोलणं कळणार नाही, तेव्हा छताला आवाज शोषणारं काम कराच. फरशी सपाट, स्टेज सुटं करता येईल असं, चारी भिंतींना प्लग पॉइंट, आणि खुर्च्या रचायला चांगली मोठी स्टोअर रूम, ती नकाशात हमखास राहून जाते. बाहेर माणसं गप्पा मारत बसतील असा रुंद ओटला ठेवा, आणि कमिटीत कुणी तो पार्किंगसाठी कापायला निघालं तर भाचीला मीटिंगला घेऊन जा.